अकरा वर्षे तुमच्याविना

आमच्या विदिन गावात रस्त्यावर जिवंत माणसांपेक्षा मेलेली जास्त भेटतात. खांबावर, झाडावर, बसथांब्यावर, जिथे तिथे काळ्या चौकटीचा कागद. फोटो, नाव, वय. माणूस गेल्यावर एक, चाळिसाव्या दिवशी दुसरा, मग दरवर्षी नवा. जिवंत होते ते जर्मनीला नाहीतर स्पेनला गेले. म्हणून मी त्या जिवंतांचेच कागद केले. तीच चौकट, तसाच फोटो. त्यातला एक माझ्या बापाचा, मिन्चोचा. खाली दरवर्षीच्या कागदावर असते ती ओळ : अकरा वर्षे तुमच्याविना.

हे दाखवायला जागा दिली ती ‘शिडी’नं. शिडी म्हणजे बंद पडलेल्या लाँड्रीत चालणारी संस्था. नफा कमवत नाही, नवोदितांना हात देते. खरंच देते, मी नाकारत नाही. छपाई त्यांची, भिंती त्यांच्या. प्रदर्शन मांडायला क्युरेटर दिली तीही नवोदित, रालित्सा. तिचं हे पहिलंच प्रदर्शन. कारभारी बोगोमिल, सगळ्यांचा दादा. वीस वर्षं ‘नवोदित’ हा एकच शब्द चघळत परदेशी फाउंडेशनांच्या दारात अनुदानासाठी उभा असतो.

रालित्साला मी एकच अट घातली. बापाचा कागद खोलीबाहेर जाता कामा नये, कारण त्याची आई, माझी आजी, याच गावात राहते. खोलीत ती कला, खांबावर ते मरण.

“कळलं गं,” ती म्हणाली. “मलाही आजी आहे.”

उद्घाटनाला फाउंडेशनचे पाहुणे आले, आणि रालित्सा पांढरीफटक होऊन माझ्याजवळ आली.

“नेदा, दादानं परवाच तो कागद गावात लावलाय. बाजारात, बसथांब्यावर. जाहिरात म्हणून. खाली इथला पत्ता आणि आजची वेळ टाकलीय. मला आत्ता कळलं.”

मी बोगोमिलला गाठलं. “दादा, अक्कल विकून खाल्लीस का?”

“अगं, सगळं गाव बोलतंय! चार भिंतींतली कला कोण बघतं? तुला वर चढवतोय मी.”

“माझ्या आजीच्या छातीवर पाय देऊन?”

तो हसला. मागे पाहुणे होते, त्यांच्यासाठी हसला.

तेवढ्यात दार उघडलं. आजी आली. गळ्यापासून घोट्यापर्यंत काळा झगा, डोक्याला काळा रुमाल, हातात मोठं भांडं. भांड्यात उकडलेले गहू, वर साखर आणि अक्रोड. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं वाटतात ते.

“मिन्चोची प्रार्थना इथेच ना?” तिनं विचारलं. “पत्ता हाच होता. पाद्री कुठाय?”

मी पुढे धावले. “आजी, बाबा जिवंत आहे. हे नुसतं चित्र आहे गं, मी केलेलं.”

“अकरा वर्षं लिहिलंय. मला वाचता येतं.”

“जाऊन अकरा वर्षं! स्पेनला जाऊन!”

“तसं कुठं लिहिलंय?”

कुठंच नव्हतं. तेच न लिहिण्यात माझी हुशारी होती. रालित्सानं भिंतीवरच्या मजकुरात त्या हुशारीचं कौतुकही केलं होतं.

“नववर्षाला फोन येतो ना त्याचा?” मी विचारलं.

“येतो. ‘आई, बरी आहेस ना, पैसे पाठवतो.’ असं कुणीही बोलेल. एवढी वर्षं मला कुणाशी बोलायला लावलंत तुम्ही?”

मी तिथेच बापाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. त्यानं उचलला. मागे कसलंसं यंत्र घरघरत होतं.

“बाबा, आजीशी बोल.”

“आत्ता? कामावर आहे गं मी.”

आजी फोनवर वाकली. “मिन्चो, लहानपणी मी तुला काय म्हणून हाक मारायची?”

यंत्र घरघरत राहिलं.

“आई, काय हे मध्येच! उद्या करतो फोन. बरी आहेस ना? पैसे पाठवतो.”

फोन बंद झाला. आजी माझ्याकडे वळली. “ऐकलंस?” एवढंच म्हणाली.

बोगोमिल माझ्या कानाशी आला. “हे तुम्ही बसवलं होतंत? जबरदस्त!” आणि त्यानं गव्हासाठी तळहात पुढे केला. बाकीच्यांनीही केले. एक परदेशी पाहुणी डोळे पुसत रालित्साला म्हणाली, आजीबाई काय म्हणतायत ते आमच्या भाषेत सांगा ना.

“सांगत नाही,” रालित्सा म्हणाली.

“रालित्सा!” बोगोमिल दात आवळून म्हणाला.

“दुसरी कुणीतरी क्युरेटर शोध, दादा. मी गावातले कागद फाडायला चाललेय.” आणि ती गेली.

आजी वाटत वाटत माझ्यापर्यंत आली. माझ्या हातावर चमचाभर गहू ठेवले आणि थांबली. ते घेताना म्हणायचं असतं : देव त्याला क्षमा करो. जिवंत माणसासाठी असं कुणी म्हणत नाही. म्हणणं पाप.

मी पुन्हा बाबाचा नंबर लावला. वाजून वाजून बंद झाला. भांडं जड होतं, तरी आजी हलेना.

“म्हण की गं,” आजी म्हणाली. “तुझाच बाप ना?”

मी म्हटलं. तिनं मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळली.