डावीकडे कललेल्या सतरा फ्रेमा

माझ्या फोटोंत माणूस येत नाही, हा माझा एकमेव नावाजण्यासारखा गुण. तळी, पूल, रिकामे बाक, धुक्यातले दिव्याचे खांब. नोकरीभर रजा साठवून हे फोटो काढले आणि निवृत्त झाल्यावर घरातच प्रदर्शन मांडलं. बैठकीच्या भिंतीवर सतरा फ्रेमा. प्रेक्षक एक, तोही सक्तीचा: बायको.

फोटो काढताना ती शेजारी असायचीच. मी म्हणायचो, "जरा डावीकडे सरक." ती सरकायची आणि विचारायची, "झालं का?" मी म्हणायचो, "एक मिनिट." आमच्या संसारातला निम्मा संवाद एवढाच. उरलेला निम्मा चहात साखर किती, यावर.

ती सरकायची, पण पुरती नाही. सतराही फोटोंत डाव्या कडेला ती आलेलीच. फ्रेमवाल्याकडे गेलो तेव्हाही सोबत होती. मी म्हटलं, "ही कड कापून टाका."

फ्रेमवाला तिच्याकडे बघत म्हणाला, "वहिनींना कापू?"

"कापा की," ही म्हणाली. "मला काय दुखणार आहे?"

पुढे ओल लागून निगेटिव्ह सगळ्या खलास झाल्या. सहा वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. यंदा ती गेली.

मुलीने कपाटं उलटीपालटी केली. "बाबा, आईचा एक धड फोटो नाही घरात?"

"ओळखपत्रावरचा आहे की."

"त्यात ती नुकतीच पकडल्यासारखी दिसते." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "तळ्यांचे मात्र पाच आहेत." आणि चहा न घेताच निघून गेली. कापायला मीच सांगितलं होतं, हे तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर आठवड्याभरात फ्रेमा कलायला लागल्या. सतराच्या सतरा, सगळ्या डावीकडेच. सरळ कराव्यात, तर दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला पुन्हा तशाच. कडेला कुणी हात टेकून उभं राहावं, तशा. माझा भुतांवर विश्वास नाही. भुतांचाही माझ्यावर नसावा. तरी मी त्या भिंतीकडे पाठ करून बसणं सोडलं. एकदा तर फोटोंच्या डावीकडच्या रिकाम्या भिंतीकडे बघून "सरक" म्हणून गेलो, आणि सबंध दुपार बाहेर काढली.

शेवटी फ्रेमवाल्याला बोलावलं. त्याने एक फ्रेम तळहातावर तोलली.

"डावी बाजू जड आहे. असणारच."

"का?"

"साहेब, गिऱ्हाइकाचा फोटो मी कापत नाही. वडिलांनी घालून दिलेला नियम. कड मागे दुमडतो. घडी तुटू नये म्हणून आत जाड पुठ्ठ्याची पट्टी घालतो. वजन तिचं."

"मग सहा वर्षं सरळ कशा राहिल्या?"

त्याने खिळ्याला अडकवलेल्या धूळ पुसायच्या फडक्याकडे पाहिलं. "रोज सरळ करणारं कुणीतरी असेल घरात."

शिक्षा झालेल्या पोरासारखी सहा वर्षं ती सतरा ठिकाणी भिंतीकडे तोंड करून उभी होती. आणि रोज सकाळी स्वतःच्याच हाताने स्वतःला नीट लावत होती. तक्रार म्हणून नाही.

त्याने घड्या उलगडल्या, पट्ट्या काढल्या, रुंद फ्रेमा करून दिल्या. मी मुलीला फोन केला. "ये. आईचे सतरा आहेत." कापायचं कुणी सांगितलं होतं, तेही सांगून टाकलं. तिने फोन ठेवला. पण ती आली.

भिंतीपाशी ती खूप वेळ उभी राहिली. घडीच्या खुणेच्या एका बाजूला तळं, पूल नाहीतर बाक, दुसऱ्या बाजूला आई. आई एकाही फोटोत देखाव्याकडे बघत नाही. कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे बघतेय, ओठ जरासे उघडे.

"सगळ्यांत काहीतरी विचारतेय," मुलगी म्हणाली.

"हो."

"काय?"

मी चहा टाकायला आत गेलो.

याला महिना झाला. आता फ्रेमांत घडी नाही, पट्टी नाही. वजन दोन्हीकडे सारखं, फ्रेमवाल्याने तोलून दाखवलं. आज सकाळी सतराही पुन्हा डावीकडे कललेल्या. सतरा तोंडं माझ्याकडे.

मी फडकं घेतलं. पहिल्या फ्रेमेला हात लावला.

"एक मिनिट," म्हटलं.