बुधवारचं पाणी

टीव्ही लावणं हे कोंडूचं काम होतं. साहेबांनी नेमून दिलेलं.

बंगला खंडाळ्याचा, घाटाच्या अगदी कडेला. पावसाळ्यात ढग खिडकीतून आत येतात, गाद्या ओलसर होतात, कपाटातल्या बुटांवर हिरवं धरतं. खोल्या शेगडीनं शेकायच्या, गाद्या उलथ्या करायच्या, पुस्तकं पुसायची, हे नेहमीचं. पंचाहत्तर साली त्यात एक काम वाढलं. साहेबांनी मुंबईहून टीव्ही आणला, छपरावर अँटिना बसवला आणि जाताना सांगितलं, "रोज तासभर लावत जा. आतून तापला पाहिजे, नाहीतर ओल धरेल. तू नाही बघितलास तरी चालेल. लाव मात्र."

साहेब महिन्यातून एखाद्या शनिवारी येत. बाकी दिवस बंगल्यात कोंडू आणि त्याची बायको पुतळाबाई. मागच्या खोलीत.

तास कुठला, ते साहेबांनी सांगितलं नव्हतं.

*

पहिल्या आठवड्यात सगळी वाडी उतरली. डोंगराच्या वरच्या सोंडेवर सतरा घरं, त्यातली चाळीसेक माणसं. कोंडूनं कुणाला आत घेतलं नाही, गालिचा होता. टीव्हीचं तोंड खिडकीकडे केलं आणि माणसं व्हरांड्यात, घोंगड्या पांघरून, उभ्यानं.

गाणी असली की सगळे. सिनेमा असला की वाडीत कुत्रंही उरत नसे. बातम्यांना अर्धे. आणि बुधवारी सगळ्यात शेवटी, लोणावळ्यात दुकानं बंद होऊन दोन तास झालेले, तेव्हा एक चष्मेवाला यायचा, कुणातरी पाहुण्याला समोर बसवायचा आणि.

"आन काय?" बायडाबाईनं विचारलं. ती म्हातारी विधवा, तिला सगळं लगेच कळायला हवं असायचं.

"बोलत्यात," कोंडू म्हणाला.

"त्ये दिसतंय. भांडतील का?"

"न्हाई भांडायचे."

"मग कशापायी बोलत्यात?"

बायडाबाई घोंगडी झटकून निघाली, तिच्यामागून बाकीचे. दुसऱ्या बुधवारी कोंडू, पुतळा आणि शिदू आबा. आबा वाडीचा कारभारी. तो राहिला ते पावसाची सर थांबेना म्हणून.

तिसऱ्या बुधवारी आबानं खिडकीच्या गजांना नाक लावलं.

"पाणी," तो म्हणाला.

"कुटं?"

"त्याच्या म्होरं. प्याला. आदी घोट घेतो, मग बोलतो."

*

वाडीत तंटा झाला की वाघजाई देवीच्या ठाण्यावर बसायचं. झऱ्याचा तांब्या भरून बोलणाऱ्यापुढं ठेवायचा. त्यानं घोट घ्यायचा, तांब्या हातात धरायचा आणि चारचौघांदेखत बोलायचं. खोटं बोलला तर सव्वा महिन्यात त्याला दिसतं, म्हणजे देवी त्याचं काही वाईट करते. कुणाला काय दिसलं ते सगळ्यांना पाठ आहे.

इथं तर सगळ्या मुलखादेखत. आबानं वर जाऊन सांगितलं. पुढच्या बुधवारी व्हरांडा भरला.

आणि मग वाडी बुधवारला चिकटली. गाण्यांना पोरीबाळी येत, बुधवारला कर्ती माणसं. पेला दिसला का, एवढं आधी बघायचं. पाहुण्यानं घोट घेतला की व्हरांड्यातली विडी विझायची. एक डॉक्टर घोट घेऊन म्हणाला, पाणी उकळून प्यावं. सतरा चुलींवर हंडे चढले. एका शेतकीवाल्यानं सांगितलं, भात दोरी धरून ओळीत लावा. दोन खाचरं ओळीत लागली, आबाची स्वतःची. एक बाई कसलीशी नटी होती, म्हणाली मी उपाशी झोपलेय. तिला बायडाबाई इथून म्हणाली, ये गं बया, हितं ये.

एका पाहुण्यानं पेल्याला हात लावला नाही. त्याचं कुणी ऐकलं नाही.

*

साहेब भाद्रपदात आले. गुलाबांची छाटणी बघितली. साहेबांच्या गुलाबांना पुण्यात बक्षिसं मिळतात. जाताना गाडीची काच खाली करून म्हणाले, "येत्या बुधवारी बघ. मीच आहे."

कोंडू तसाच सोंड चढून वर गेला.

त्याला घाई का होती, ते सांगायला हवं. सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. टीव्ही नव्हता, पुतळा माहेरी होती. साहेब एकटे आलेले. पाऊस असा की दिवसा कंदील. गुलाबांत पाणी कुठून शिरतं ते बघायला साहेब मागच्या ओढ्यावर गेले, पाय घसरला, मुरगळला, ओढा चढत होता. कोंडूनं त्यांना पाठीवर घेतलं आणि मोटारीच्या शेडपर्यंत आणलं. सकाळी ड्रायव्हर आला, साहेब मुंबईला गेले. बघणारं तिसरं कुणी नव्हतं. वाडीनं कोंडूच्या शब्दावर मानलं. तेव्हापासून ठाण्यावर बसताना आबा कोंडूला आपल्या शेजारी जागा द्यायचा. माणूस पाठीवर आणणाऱ्याचा शब्द खोटा कसा असेल. गेल्या उन्हाळ्यात बायडाबाईचा बांधाचा तंटा कोंडूच्याच शब्दावर मिटला. बायडाबाई हरली, जमिनीची हातभर पट्टी गेली. तरी तिनं मानलं. आता साहेब स्वतः पाणी पिऊन बोलणार होते.

*

बुधवार.

साहेब पडद्यावर आले तेव्हा व्हरांड्यात हशा पिकला. कोट तोच होता, कोंडूनं कितीदा वाळत घातलेला. पेला होता. साहेबांनी घोट घेतला. हसू थांबलं.

गुलाब. कलम. शेणखत. मग चष्मेवाला म्हणाला, त्या डोंगरात एकटं राहायचं म्हणजे प्रसंगही येत असतील.

"एक सांगतो," साहेब म्हणाले. "माझा माळी आहे, कोंडू नावाचा—"

सगळे कोंडूकडं वळले. पुतळानं पदर सारखा केला.

"—अतिशय भला माणूस. एकदा भर पावसात ओढ्यावर—"

ढग आला. पडद्यावर नुसत्या रेघा. आवाज होता.

"—पाय घसरला त्याचा. मी वरून बघतोय. पाणी चढतंय. म्हटलं, आता विचार करत बसलो तर गेला. माझाही पाय मुरगळलेला, पण कसाबसा त्याला पाठीवर—"

आवाज गेला.

मग दोन्ही आले. साहेब दुसऱ्यांदा पाणी पीत होते. चष्मेवाला मान हलवत होता.

मग बायडाबाई, अगदी हळू:

"कोन कुनाच्या पाठीवर व्हतं रे कोंडू?"

*

पुढचे दिवस असे.

कोंडू गाद्या उलथ्या करतो. उलथलेल्या पुन्हा उलथतो.

आबा शेडपाशी येऊन उभा राहतो. "आइतवारी ठाण्यावर ये. पाणी उचल. तू बोल, मिटलं."

"न्हाई उचलायचा, आबा."

"का?"

कोंडू गुलाबाची एक फांदी तोडतो, जी तोडायची नव्हती.

बायडाबाई सतरा घरं फिरते. "त्यात खोटा, तर माझ्या बांधात खरा कशावरनं? माझी पट्टी माघारी द्या." तिला कुणी आडवत नाही.

रविवार येतो, जातो. ठाण्यावर आबाशेजारची जागा रिकामी. वाडी समजायचं ते समजते.

बुधवारी व्हरांडा पुन्हा भरतो, गेल्या वेळेपेक्षा जास्त. पेल्यावर भरवसा वाढलेला. कोंडू टीव्हीचं बटण दाबतो, त्याच्याशी कुणी बोलत नाही. तो आत गालिच्याच्या कडेला उभा, ते बाहेर. पडद्याचा उजेड दोन्हीकडं सारखा.

*

"माज्याशी तरी बोला," पुतळा म्हणाली. भाकरी तव्यावर होती.

"काय बोलू?"

"त्यांनी आनलं का तुमी?"

"मी."

"मग उचला पाणी."

"अगं, दोगं पाण्यावर दोन बोललो की मग देवी निवाडा करती, एक खोटा. मी खोटा न्हाई. मग सव्वा म्हैन्यात सायबाला दिसंल."

"दिसू दे."

"दिसू दे? त्यांचं काय झालं तर त्यांचं पोरगं बंगला इकंल. त्याला ही हवा सोसत न्हाई. मग आपन कुटं?"

पुतळानं भाकरी उलटली.

"म्हंजे सायबाची दया येती का खोलीची?"

"दोन्ही," कोंडू म्हणाला.

भाकरी करपली. तीच त्यानं खाल्ली.

*

शनिवारी साहेब आले. खुशीत होते. कार्यक्रमाबद्दल सात पत्रं आली होती, ती बरोबर आणली होती. कोंडू सकाळपासून बागेच्या टोकाला. चहा पुतळानं नेला. कप ठेवून ती गेली नाही.

"सायेब, त्या दिशी तुमी ह्यांना उचललं का ह्यांनी तुमाला?"

साहेब हसले. "ते होय. अगं, कार्यक्रमात तसं सांगावं लागतं. समोरचा विचारतो, आपण सांगत जातो, रंगत जातं. मला माळ्यानं उचललं म्हटलं तर त्यात ऐकण्यासारखं काय आहे?"

"पर पाणी पिऊन बोललात."

"काय पिऊन?"

"पेला व्हता म्होरं. दोनदा प्यालात."

"घसा सुकतो गं. त्या दिव्यांखाली बसून बघ एकदा." साहेबांनी चहाचा घोट घेतला. "कोंडूला वाईट वाटलं का? वेडा आहे. त्याला म्हणावं, सगळ्या मुंबईनं तुझं नाव ऐकलं."

पुतळा ट्रे हातात घेऊनच सोंड चढली.

*

"तहान लागती म्हनून?" शिदू आबानं तिसऱ्यांदा विचारलं.

"व्हय, आबा. तहान."

"समद्यांना?"

"समद्यांना."

आबा उंबऱ्यावर बसला. त्याच्या समोर त्याची दोन खाचरं, दोरीनं ओळीत लावलेली, चांगली वाढलेली. तो त्यांच्याकडं असा बघत होता की जणू ती दुसऱ्याची आहेत.

"मग ह्ये भाताचं?"

"ठावं न्हाई."

"डाक्तराचं?"

बायडाबाई शेजारच्या अंगणातून हसली. "तीन म्हैने पाणी उकळून पितीया मी. चव ना ढव. आन त्यो बाबा तिकडं नुसता तहानेला."

"ती उपाशी झोपनारी?" कुणीतरी विचारलं.

बायडाबाई हसायची थांबली.

मग आबानं सांगितलं, साहेबानं शपथ वाहिलीच नव्हती, म्हणून कोंडूनं पाणी उचललं तरी साहेबाला काही दिसायचं नाही. पुढच्या रविवारी उचलावं. आता कोंडूला नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

मधल्या बुधवारी कोंडूनं टीव्ही लावला. चष्मेवाला आला, पाहुणा आला, पेला आला. व्हरांड्यात कुणी नव्हतं. घोंगड्यांचा वासही नव्हता. गुरुवारी गाण्यांना मात्र नेहमीची गर्दी झाली आणि गाणी संपताच सगळे उठले.

*

रविवार. ऊन पडलं होतं, कितीतरी दिवसांनी. ठाण्यावरची फरशी वाफाळत होती. सतरा घरांतली माणसं उभी, बाया मागं. आबानं झऱ्याचा तांब्या पुढं ठेवला.

कोंडूनं घोट घेतला. तांब्या दोन्ही हातांत धरला.

"मी सायबाला पाठीवर आनलं. वड्यापासनं शेडपातूर. सायबानं मला न्हाई."

"मिटलं," आबा म्हणाला.

"मिटलं कसं," बायडाबाई म्हणाली. "पाणी हातात हाय तवर ज्याचा तंटा त्याला इचारता येतं. माझी पट्टी गेलीया. मी इचारनार."

"इचार," आबा म्हणाला. नाईलाज होता, रीत होती.

तिला बांधाचं विचारायचं असणार, असं सगळ्यांना वाटलं. ती दोन पावलं पुढं आली, कोंडूच्या तोंडाकडं बघितलं.

"सायबाला आनताना वाटंत काय मनात आलं तुज्या?"

तांब्यातलं पाणी हललं.

"टाकून द्यावा, असं आलं," कोंडू म्हणाला.

त्याची नजर पाण्यावर होती.

"सायेब पाठीवरनं बोलत व्हते. माझा बूट भिजला म्हनून. सावकाश चाल म्हनून. तुला सांगितलं व्हतं चर नीट काढ, तू काढला न्हाईस, म्हनून ह्ये झालं. माझा दम निगालेला. मी वड्याच्या कडंला थांबलो. विडी वढून हुईल इतका येळ. हात ढिले केले. सायबाला कळलं. ते गप झाले."

"मग?"

"मग घट धरलं. आन चाललो."

पुतळा बायांत होती. ती त्यांच्यातून पुढं आली.

"सायबाला ठावं हाय," कोंडू म्हणाला. "सा वर्सं त्यांनी त्ये तोंडातनं काडलं न्हाई, मी काडलं न्हाई."

"बरं," आबा म्हणाला. "आनलंस ते खरं. ठेव आता खाली."

कोंडूनं तांब्या ठेवला नाही.

"बायडामावशी, तुज्या बांधाचं. मला ठावं नव्हतं हद्दीचा धोंडा कुटं व्हता ते. मी कदी बघितला न्हाई. आबांनी माज्याकडं बघितलं, मी म्हनलं हितं व्हता. शेजारी बसवत्यात म्हनून म्हनलं."

"कोंडू," आबा म्हणाला.

"आन त्याच्या आदीचा, रतनच्या बैलाचा तंटा, त्यात बी मी—"

"कोंडू, ठेव म्हनलं ना."

बायडाबाई ऐकायला खाली बसली, फरशीवरच, मांडी घालून. तिच्यामागून एकेक करत बाकीचे. कोंडू उभाच होता. तो बैलाचं सांगत राहिला.