मॅनेजर कुठे उतरला

बाबांचं बोलणं गेलं. हळूहळू परत येईल, असं डॉक्टर म्हणाले. उजव्या हातातलं बळही येईल म्हणाले. पण मॅनेजर कुठे आहे हे फक्त बाबांना ठाऊक होतं आणि नेमकं त्यांनाच सांगता येत नव्हतं. या गोष्टीनं माझं डोकं फिरायची वेळ आली होती.

मॅनेजर म्हणजे बाबांचा कुत्रा. ट्रकमध्ये शेजारच्या सीटवर ऐटीत बसायचा आणि काडीचं काम करायचा नाही, म्हणून मॅनेजर. बाबा हायवेवरच्या पेट्रोल पंपावर कोसळले, तेव्हा तो ट्रकमध्ये नव्हता. पंपावरच्यांनी कुत्रा पाहिलाच नव्हता. दवाखान्यातून घरी आल्यापासून बाबा सारखे दाराकडे बघायचे आणि आईनं घास पुढे केला की तोंड घट्ट मिटायचे. असंच चाललं तर पुन्हा भरती करावं लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मग ट्रकमधलं सामान घरी आलं. त्यात बाबांचा जुना लॅपटॉप होता आणि जीपीएसचा रिसीव्हर. साबणाच्या वडीएवढी काळी डबी, खाली लोहचुंबक, मागे लांबलचक वायर. नकाशा लॅपटॉपमध्ये, आणि उपग्रहांकडून आपला पत्ता काढायचं काम डबीचं. ओळखीच्या रस्त्यावर ती लावण्यात बाबांना अपमान वाटायचा. रस्ता नवा असेल तरच वायर खुपसायची आणि मुक्कामी पोचलं की उपटायची. येताना तोच रस्ता ओळखीचा झालेला असायचा ना!

चालते तरी का बघू, म्हणून बाबांच्या खाटेवरच लॅपटॉप ठेवून मी वायर लावली. खोटं कशाला बोलू, हे यंत्र उघडून बघायची मला लहानपणापासून हौस. बाबा हात लावू देतील तर शपथ.

नकाशा म्हणाला, रिसीव्हर सापडत नाही. मी पोर्ट बदलला. तरी नाही. आणखी एक बदलला, तर पडद्यावर नुसता चिन्हांचा कचरा. म्हणजे वायर खुपसायचा पोर्ट बरोबर, डबीची माहिती वाचायचा वेग चुकीचा. वेग कमी केला आणि काय सांगू, आकड्यांच्या ओळी धडाधड पळायलाच लागल्या!

"आई, चाललं!"

"चाललं तर चाललं, नाचतेस काय?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

नकाशावर एक करडा ठिपका उमटला. पण आमच्या घरावर नव्हे, पार नदीपलीकडे, कुठल्याशा गावाबाहेर. "अगं बये, घर विसरलीस का?" मी डबीला विचारलं. मग माझी ट्यूब पेटली. डोक्यावर छप्पर असताना हिला उपग्रह दिसणार कसे? मी डबी उचलून खिडकीकडे निघाले.

बाबांनी डाव्या हातानं वायर पकडली आणि हिसका मारून डबी आत ओढली.

"अहो, असं काय करता?" आई धावत आली. "तू कशाला त्यांच्या वस्तूंना हात लावतेस?"

मी ऐकणारी थोडीच! पुन्हा निघाले. बाबांनी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी डबी थेट पांघरुणाखाली कोंबली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चिडायचं विसरले. हे रागावणं नव्हतं. माणूस गयावया करतो तसं होतं.

मी त्यांच्याजवळ बसले. आता मला राहवेना. "बाबा, हिला आभाळ दिसू द्यायचं नाही?"

त्यांनी होकारार्थी मान डोलावली.

"दिसलं तर काय होईल? आपलं घर दाखवेल. आणि हा ठिपका..." मी थांबले. "हा ठिपका जाईल. ही मागची जागा आहे? शेवटची?"

बाबांनी बोट ठिपक्यावर टेकवलं आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"मॅनेजर?"

त्यांनी इतक्या जोरात मान हलवली की उशी खाली पडली. आणि मी मूर्ख, तेच पुसायला तीनदा खिडकीकडे निघाले होते! पेन सापडेना, म्हणून आईच्या काजळानं ठिपक्याचे अक्षांश-रेखांशाचे आकडे हातावर लिहून घेतले.

सकाळी बाबांना गाडीत बसवलं. त्यांना घरी ठेवायची आईचीसुद्धा छाती झाली नाही. आता डबी टपावर चिकटवायला हरकत नव्हती. आमचा ठिपका हिरवा झाला आणि हातावरच्या आकड्यांकडे सरकत निघाला. नदी ओलांडली, कच्चा रस्ता लागला. बाबांची नजर पडद्यावर खिळलेली.

ठिपका जिथे थांबला तिथे जनावरांचा दवाखाना होता. डॉक्टरीणबाई फाटकाशी आल्या, तसं मी कुत्र्याचं विचारलं.

"पायात काच गेलेला कुत्रा? आहे ना. ड्रायव्हरकाका म्हणाले, माल उतरवतो आणि संध्याकाळी नेतो. फोन नंबर मागितला तर म्हणाले, कशाला, मी येणारच." त्यांचा आवाज उतरला. "कोणीच आलं नाही. हा फाटकापाशीच बसून असतो, काही खात नाही."

मॅनेजर माझ्या बाजूनं लंगडत गेला, मला हुंगलंसुद्धा नाही. मी गाडीचं दार उघडलं. त्यानं पुढचे पाय सीटवर टेकवले आणि डोकं बाबांच्या उजव्या हाताखाली खुपसलं. तो हात हलला नाही. त्यानं पुन्हा खुपसलं, कुंई केलं, आणि मला बघवेना.

बाबांनी डाव्या हातानं आपला उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि मॅनेजरच्या डोक्यावर ठेवला.