ताईच्या मागची मुलगी

"बाबा, खरं सांगा. तुमची लाडकी कोण? ताई की मी?"

हा प्रश्न विचारून दाखव, अशी पैज मैत्रिणींनी मधल्या सुट्टीत लावली होती. हात्तिच्या, त्यात काय! शाळा सुटल्यावर मी थेट बाबांच्या फोटो स्टुडिओत शिरले आणि पाठीवरचं दप्तरही न उतरवता विचारून मोकळी झाले.

बाबांनी कॉम्प्युटरवरून मानसुद्धा वळवली नाही. "आधी दार लाव. पडद्यावर उजेड येतोय."

कटरवर पासपोर्टचे फोटो कापणारी आई फिसकन हसली.

आणि पडद्यावर कोण? अर्थात ताई! ती नोकरीसाठी परगावी निघाली, तर बाबा आठवडाभर तिच्या एकाच जुन्या फोटोला चिकटलेले. गिऱ्हाइकाला 'हनुवटी जरा खाली' म्हणून दोन मिनिटांत वाटेला लावणारा हा माणूस! फोटोतली ताई कापून वेगळी काढायची, झोपाळा वेगळा, झाडं वेगळी. सगळं पुढे-मागे उभं करायचं आणि मधून कॉम्प्युटरमधलाच खोटा कॅमेरा फिरवायचा. मग सपाट फोटोत आपण चालत शिरतोय असं वाटतं. माझा नुसता जळफळाट. माझ्यासाठी कधी एक झाड तरी कापलं होतं का?

"हे बघ," बाबा म्हणाले, "ताईला उचललं की तिच्या जागी भोक पडतं. मागे जे झाकलं होतं, ते आपण रंगवून भरायचं. इथं मागे कोण होतं, ओळख?"

ताईच्या खांद्यावर चार चिमुकली बोटं होती. बाकी सगळं तिच्याआड.

"तू," आई म्हणाली. "पाच वर्षांची. शेपूट होतीस तिचं."

पडद्यावर तो कॅमेरा निघाला. ताईच्या कानाजवळून वळला आणि मागे एक मुलगी हसत होती. मी! अशी काही फुगले म्हणून सांगू! आता सगळ्या वर्गाला दाखवणार होते. तेवढ्यात तिच्या गालावरची खळी दिसली.

मला खळी पडत नाही. ताईला पडते.

"बाबा, ही पण ताईच आहे."

माउसवरचा त्यांचा हात थांबला. "तुझा त्या वयातला एकही फोटो सापडला नाही गं. दुकान नवीन होतं. दिवसभर लोकांचेच काढायचो. मग तिचाच लहानपणचा चेहरा..."

आईने कटर बाजूला सारला.

मी दप्तर खाली टाकलं आणि पांढऱ्या पडद्यासमोरच्या स्टुलावर जाऊन बसले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

"माझं ठरलंय. आई, तूही ऐक. तो चेहरा काढायचा आणि माझा लावायचा. आत्ताचा."

"अगं, एवढ्याशा अंगावर पंधरा वर्षांचं डोकं?" आई म्हणाली. "भोपळा ठेवल्यासारखं दिसेल!"

"दिसू दे. बोटं माझी आहेत ना?"

बाबांनी कॅमेरा डोळ्याला लावला. मग सवयीने म्हणाले, "हनुवटी जरा..."

"नाही बाबा. हनुवटी मी खाली घेणार नाही."