मंगळवारची जर्मन मालिका

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो. माझा जन्म जपानचा. १९८८ साली मी कॅनडातल्या कोक्विटलामला जयंतीबाईंच्या घरी आलो. भारतातल्या कॅसेटी इथल्या साध्या मशीनवर चालत नसत. माझ्यावर सगळीकडच्या चालत. सांगलीची किती लग्नं मी त्यांच्या बेसमेंटमध्ये दाखवली! मग डीव्हीडी आल्या आणि माझ्यावर चादर पडली.

२०१६च्या हिवाळ्यात शेजारच्या उर्सुलाबाई कॅसेटींचं एक खोकं घेऊन आल्या. त्यांच्या म्युनिकच्या बहिणीने जुनी जर्मन मालिका टीव्हीवरून उतरवून घेतली होती. त्यात दोन पोलीस अधिकारी खुनांचा तपास करत. त्या कॅसेटी फक्त माझ्यावर चालल्या. दर मंगळवारी दुपारी दोघी चहा घेऊन बसू लागल्या. जयंतीबाईंना जर्मन येत नव्हतं. उर्सुलाबाई अर्थ सांगत.

"हा अधिकारी कधी ओरडत नाही," त्या म्हणायच्या. "नुसता विचारत राहतो."

मला फार बरं वाटायचं.

एकदा कप घेताना उर्सुलाबाईंची बाही वर सरकली. मनगटाच्या वर चार निळे वळ होते.

"हे काय झालं?"

"बर्फावर घसरले," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या.

जयंतीबाईंनी तीस वर्षं नर्सचं काम केलं होतं. उर्सुलाबाईंचा मुलगा नुकताच त्यांच्याकडे राहायला आला होता.

"अहो, त्या बोटांच्या खुणा आहेत. पोलिसांना कॉल करू का?" जयंतीबाईंनी संध्याकाळी नवऱ्याला विचारलं.

"तू शुअर आहेस का?" नंदनराव म्हणाले. "लोकांच्या घरात आपण कशाला पडायचं? थोडं वेट कर."

त्या थांबल्या. पुढचे दोन मंगळवार उर्सुलाबाई आल्या, लांब बाह्या घालून. तिसऱ्या मंगळवारी त्या आल्याच नाहीत, चहा निवून गेला, आणि मग बाहेर सायरन वाजला. मुलाने त्यांना जिन्यावरून ढकललं होतं. त्या जागीच गेल्या.

एक पोलीसबाई आमच्या बेसमेंटमध्ये चौकशीला आल्या.

"वळ कधी पाहिलेत?"

"तीन आठवडे झाले."

"कोणाला सांगितलंत?"

जयंतीबाईंनी टेबलावरचा उर्सुलाबाईंचा कप उचलून बाजूला ठेवला. पोलीसबाईंनी पुन्हा विचारलं नाही.

मुलाला शिक्षा झाली. जयंतीबाईंनी माझी वायर काढली, कॅसेटही आतच राहिली. आज मी रिसायकलिंगच्या ढिगात पडलोय.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणत नाही. माझं काम संपलं. पण कोणाच्या अंगावर असे वळ दिसले, तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. त्या मालिकेतले ते हुशार अधिकारी प्रत्येक भागात यायचे, पण माणूस मेल्यावर.