पडद्यापुढची खुर्ची

दुकानात पडद्यापुढे सासरे बसत, पडद्यामागे सून. घड्याळं ती दुरुस्त करायची, शाबासकी ते घ्यायचे. त्यांचे हात थरथर कापायला लागल्यापासून हे असंच चाललं होतं, आणि घराबाहेर कुणाला त्याचा पत्ता नव्हता. लेक झाल्यावर तर सासऱ्यांनी नवंच टुमणं लावलं : "आता बस झालं. मूल सांभाळ. मी बाहेरचा कारागीर बघतो."

त्या दिवशी एक बाई घड्याळ घेऊन आल्या. तसलं घड्याळ त्या गल्लीनं कधी पाहिलं नव्हतं. त्याला तबकडीच नाही! पुढून काच, मागून काच, आणि मधे सगळा संसार उघडा : एकमेकांच्या दात्यांत अडकलेली चक्रं, केसासारखी स्प्रिंग, कोरून कोरून जाळी केलेल्या पट्ट्या. पण सगळं निपचित.

"माझ्यासमोरच उघडा," बाई म्हणाल्या. "वडिलांची आठवण आहे. नजरेआड नाही करणार."

सासरे पेचात पडले. पण 'नाही' म्हणणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. पडद्याच्या फटीतून सून बघत होती. लेक कडेवर होती. चिमटा थरथरत आत गेला.

आणि स्क्रू उडाला. तिळाहून बारीक.

या धंद्याची एक शिस्त आहे : काही उडालं की जो जिथे असेल तिथे पुतळा. पाय उचलला की वस्तू त्याच पायाखाली गेलीच म्हणून समजा. बाईही दचकून थिजल्या. त्या शांततेत पडद्यामागून लेक खुदकन हसली.

सासऱ्यांना आयतं निमित्त मिळालं. "बघा! त्या पोरीच्या आवाजानं हात हलला. सूनबाई, कितीदा सांगितलं, दुकान म्हणजे पाळणाघर नव्हे!"

सुनेनं चपला काढल्या आणि पडदा सारून अनवाणी बाहेर आली.

"ती हसली ती स्क्रू उडाल्यावर, बाबा."

"गिऱ्हाईकासमोर उलट बोलतेस?"

"माझ्या लेकीवर आळ घ्याल तर गल्लीत उभी राहून बोलेन. हात तुमचा थरथरला. थरथरतो रोजच. त्यात लाज कसली? पण तो हिच्या माथी का मारता?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला. तिचा आवाजही खाली आला. "हलू नका," म्हणत ती वाकली. त्यांच्या दुमडलेल्या बाहीच्या घडीत तो स्क्रू गुपचूप बसला होता. तिनं तो अलगद चिमट्यात धरून वाटीत टाकला.

"आता उठा. हिला घ्या."

लेक आजोबांकडे गेली आणि खुर्ची सुनेला मिळाली.

बाई साशंक. "यांना जमतं?"

नातीनं मिशी धरली होती. सासऱ्यांना मानही वळवता येईना. "जमतं," ते पुटपुटले. मग घसा खाकरून मोठ्यानं म्हणाले, "आजवर तीच करत आलीय."

सुनेनं भिंग डोळ्याला लावलं. चक्रं उतरवली, पुसली, एकेक परत बसवली. शेवटी स्प्रिंग आकसली, फुलली, पुन्हा आकसली, आणि काचेमागचा तो संसार चालू लागला. बाईंनी घड्याळ छातीशी धरलं आणि निघाल्या.

दार लागताच सासरे हळूच म्हणाले, "झालं ना मनासारखं? आता आत जाऊन बस."

तिनं दुसरं घड्याळ पुढे ओढलं. भिंग काही काढलं नाही.

"आत उजेड कमी आहे, बाबा."