अभिमन आबांचे गाल

सोमवारी सकाळपासून रतिलाल चिडलेला होता. धुळ्यात पाचकंदिलाजवळ त्याचा फोटो स्टुडिओ. चिडायला कारणं तीन: कॉम्प्युटर, सुपडू नाना आणि स्वतःची जीभ. तिघांत जीभ सगळ्यांत जुनी, आणि आजवर सगळ्यांत जास्त नुकसान तिनेच केलेलं.

झालं असं, की शिंदखेड्याकडचा भाईदास पाटील वडिलांचा, अभिमन आबांचा, एका लग्नातला फोटो घेऊन आला. गुरुवारी आबांचं वर्षश्राद्ध. घरात आजोबांचं चित्र होतं, सुपडू नानांनी तेलरंगात काढलेलं. त्याच्या शेजारी आबांचंही तसंच रंगवलेलं लागलं पाहिजे, असा आईचा, वच्छलाबाईंचा, हट्ट. पण नानांचा उजवा हात दोन वर्षांपूर्वी लकव्याने गेला होता. तेव्हा दुकानात उभ्या असलेल्या पाच माणसांदेखत रतिलाल बोलून गेला, "काळजी सोडा. आपलं मशीन हाताने काढल्यासारखं रंगवतं. आईंनी आबांना ओळखलं नाही, तर दुकानाची पाटी उतरवीन!"

पाच माणसं म्हणजे संध्याकाळपर्यंत पन्नास.

मशीन म्हणजे वर्षभरापूर्वी जळगावहून आणलेला कॉम्प्युटर. त्यात फोटोवर कुंचल्याचे फटकारे ओढणारा एक फिल्टर होता. बटण दाबायचं आणि अठरा मिनिटं वाट बघायची. अठरा मिनिटांनी आबा पडद्यावर आले, ते ताकात बुडवून काढल्यासारखे.

दुकानातल्या बाकावर रोज येऊन बसणारे सुपडू नाना डाव्या हातात चहाचा कप धरून पुढे वाकले. "हाई काय करी राहिना रे भाऊ? चुना मारी राहिना का?"

"नाना, याला ऑइल पेंटिंग म्हणतात."

"मग मी चाळीस वर्षं काय करत होतो? फेटा, कपाळ, मागची भिंत, सगळीकडे एकच फटकारा, एकाच बाजूला! अरे, फेट्यावर कुंचला पिळाबरोबर फिरतो. गालावर गोलाईबरोबर. भिंतीला हा एवढा रुंद ब्रश, आणि डोळ्याला चार केसांचा. तुझं मशीन डोळाही भिंतीच्याच ब्रशाने रंगवतं."

रतिलालने दात आवळले. म्हातारं बोलतं ते खरं आहे, याचाच जास्त राग आला. त्याने चित्राचे चार भाग पाडले: भिंत, फेटा, सदरा, चेहरा. प्रत्येकाला ब्रशाची रुंदी वेगळी, फटकाऱ्याची दिशा वेगळी, आणि प्रत्येकाला अठरा मिनिटं वेगळी. रात्री दुकान बंद करताना फेटा खरोखर कुणी रंगवल्यासारखा दिसायला लागला. खरखरीत कागदावर प्रिंट काढून रतिलालने ही आपलीच आयडिया असल्याचं शेजारच्या टेलरला सांगितलंसुद्धा.

मंगळवारी वच्छलाबाई आल्या. पदर सावरून त्यांनी चित्र उजेडात धरलं, लांब नेलं, जवळ आणलं.

"हाऊ कोन शे?"

"आई, आबा आहेत ना!" भाईदास म्हणाला.

"फेटा त्यासना शे. नाक त्यासनं शे. पन ह्या त्या नहीत. देवीना वन कोठे गयात?"

आबांना लहानपणी देवी आल्या होत्या. दोन्ही गाल वणांनी भरलेले. बाजारात लोक त्यांना दुरूनही त्यावरूनच ओळखत. चित्रातले गाल मात्र नव्या नवरदेवासारखे. पाटीचा विषय कोणी काढला नाही, पण बाहेर पडताना भाईदासने मान वर करून पाटी एकदा वाचली.

रतिलालने जळगावला, मशीन विकणाऱ्याला, फोन लावला. "तुमचा फिल्टर वण खातो!"

"ब्रश बारीक करा," तिकडून सल्ला आला.

ब्रश तीनवर आणला. दोनवर. एकवर. दर वेळी अठरा मिनिटं, आणि दर वेळी आबांचे गाल लोण्यासारखे. मध्येच लाइट गेली आणि दोन वाजेपर्यंतचं सगळं काम पुसलं गेलं. रतिलालने त्या मशीनला, ते बनवणाऱ्याला आणि जळगावच्या एकूण हवामानाला नावं ठेवली.

बुधवारी सकाळी नाना शांतपणे म्हणाले, "रंगाआधीचं दाखव बरं."

"त्यात काय बघायचं? साधा फोटो आहे."

"दाखव रे."

रतिलालने फिल्टर लावण्याआधीचा फोटो उघडला आणि त्याचा माउसवरचा हात थांबला. गाल तिथेही स्वच्छ होते. भाईदासचा मूळ फोटो त्याने पाकिटातून काढून शेजारी धरला. त्यात वण जसेच्या तसे.

वीस वर्षांत त्याच्या स्टुडिओतून डागाचा चेहरा बाहेर पडला नव्हता. मुलगी दाखवायचा फोटो असो की दुकानदाराचा, पिंपळनेरपासून लोक त्याच्याकडे येत ते त्यासाठीच. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल चाले, आता माउस. फोटो मशीनवर चढवला तेव्हा हाताने सवयीने, रतिलालला स्वतःलाही न कळता, आबांचे गाल पुसून टाकले होते.

नाना इतके हसले की चहा धोतरावर सांडला. "मशीनले काय बोलस? तू जे दिधं ते त्यानी रंगाडं!"

रतिलालने मूळ फोटो पुन्हा मशीनवर चढवला आणि सवयीने पुन्हा गाल पुसू नये म्हणून उजवा हात मांडीखाली दाबून बसला. चेहऱ्यावर बारीक ब्रश फिरला, वण आले, पण निम्मेच. मग हात सोडवून उरलेले त्याने फोटोत बघून एकेक टिपले; नाना सांगत गेले, कुठे सावली, कुठे उजेडाचा ठिपका. वीस वर्षं पुसलं, त्याची सगळी उलटी मजुरी एका दुपारी भरावी लागली. मान आखडली.

संध्याकाळी वच्छलाबाईंनी नवा प्रिंट हातात घेतला. बोट डाव्या गालावर टेकवलं, मग उजव्या. बराच वेळ तिथेच ठेवलं.

"आत्ते उनात त्या," आबाच आता घरी आल्यासारखं वच्छलाबाई म्हणाल्या आणि चित्र पदराखाली घेऊन पायऱ्या उतरल्या.

पाटी वाचली. रतिलालने पहिल्यांदा पाठ टेकली. पण भाईदास अजून काउंटरपाशीच घुटमळत होता.

"रतिलालभाऊ," तो खालच्या आवाजात म्हणाला, "उद्या सगळे पाहुणे येतील. वण जरा साफ करून एक वेगळी कॉपी नाही का निघणार? आईला कळू न देता..."

रतिलालने नानांकडे बघितलं. नाना छताकडे बघत होते. रतिलालने खण ओढला आणि मंगळवारी आईंनी नाकारलेला प्रिंट काउंटरवर आपटला.

"हा घ्या. याला घरचं कोणी ओळखत नाही. पाहुण्यांना चालेल."